जांभ्याच्या कड्याखाली कयाक, कुशावतीच्या कातळावर अनवाणी

गोव्याच्या किनाऱ्यावर चुनखडीचे डोंगर नाहीत. थायलंडच्या फांग न्गा उपसागरात कयाकनं भरतीच्या गुहांतून फिरून, भिंतींवरची जुनी चित्रं बघून आलेली माणसं परतल्यावर हमखास विचारतात, की असं काही आपल्याकडे कुठे करता येईल? करता येतं, पण दोन तुकड्यांत. लाटांनी कोरलेल्या गुहा आणि कपारी काणकोणच्या किनाऱ्यावर आहेत. आदिमानवाची चित्रं, तीही रंगवलेली नव्हे तर कातळात कोरलेली, तिथून आत, रिवणजवळ कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळला आहेत. पहिल्या भागाला कयाक लागते, दुसऱ्या भागात ती गाडीच्या टपावरच राहू द्यायची. आम्ही ही फेरी दोन दिवसांत करतो, पहिली सकाळ समुद्रावर आणि दुसरी कातळावर. ती कशी करतो आणि कुठे बिनसतं, ते इथे सविस्तर लिहीत आहोत.

आधी दगड समजून घ्यावा लागतो, कारण पुढचे सगळे नियम त्यातून निघतात. चुनखडीची गुहा आम्लयुक्त पाण्यात दगड विरघळून होते, त्यामुळे ती डोंगराच्या पोटात लांबवर जाते आणि छत बहुधा अखंड असतं. जांभ्याची गुहा अशी होत नाही. वर लोहाचं कडक, भोकाभोकांचं कवच. त्याखाली तांबूस-पिवळा मऊ थर. त्याखाली पांढरट, शाडूसारखी चिकणमाती. पावसाचं पाणी कवचाच्या भोकांतून झिरपत खाली येतं, मातीच्या थरावर अडतं आणि आडवं बाहेर फुटतं. काबो द रामच्या बाजूचे कडे समुद्रातून बघताना मध्यावर एक ओली, हिरवट रेघ दिसली, तर ती या झिरपणाऱ्या पाण्याची. खालून लाट माती उचलून नेते, मागून झरा ती सैल करतो आणि वरचं कवच काही काळ अधांतरी राहून एक दिवस मोठमोठ्या ठोकळ्यांनी खाली येतं. म्हणून इथल्या बऱ्याच कपारी कयाकच्या लांबीपेक्षा फारशा खोल नसतात, आणि धोका खालच्या पाण्याइतकाच वरच्या छताचा असतो.

पाळोळे ते आगोंद या पट्ट्यात चित्र थोडं बदलतं. तिथे टेकड्यांच्या पायथ्याशी जुना, ग्रॅनाइटसारखा कठीण खडक उघडा पडला आहे. त्याच्या भेगांच्या रेषेत समुद्रानं अरुंद घळी कापल्या आहेत. या घळींचं छत पडण्याची भीती कमी, पण तोंड निमुळतं असल्यानं आत आलेली लाट दोन्ही भिंतींमध्ये दाबली जाऊन उंच होते. बाहेर अर्धा मीटर दिसणारं पाणी आतल्या टोकाला दुपटीनं चढतं. जांभ्याच्या कपारीत नजर वर ठेवायची, ग्रॅनाइटच्या घळीत मागे समुद्राकडे. नवख्या माणसाला पहिल्यांदा एवढंच सांगतो.

या समुद्रगुहांत आदिमानवाची चित्रं का नाहीत, हेही इथेच सांगून टाकावं, कारण कपारीच्या भिंतीवरच्या लोहाच्या तांबड्या रेषा बघून दर वेळी कुणीतरी हरखतं. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. तेव्हाचा किनारा आजच्या पाळोळेपासून कितीतरी किलोमीटर पश्चिमेला होता. पाणी आजच्या पातळीजवळ पोचलं ते साधारण सहा-सात हजार वर्षांपूर्वी. म्हणजे आजच्या भरतीरेषेवरच्या या कपारी भूशास्त्राच्या हिशेबात तान्ह्या आहेत, आणि त्यांच्या भिंती सतत पडून मागे सरकत आहेत. अशा भिंतीवर कुणी काही कोरलं असतं तरी ते टिकलं नसतं. तांबड्या रेषा म्हणजे झऱ्याच्या पाण्यातून उतरलेला लोहाचा गंज.

आता मोसम. जून ते सप्टेंबर या समुद्रात कयाक घालायची नाही, यावर चर्चाच नको. यांत्रिक मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असते, पण समुद्र त्यानंतरही दोन महिने खवळलेलाच असतो. ऑक्टोबरात पाणी शांत झालेलं दिसतं आणि इथेच लोक फसतात. पावसात भिजलेली माती तेव्हा सर्वांत मऊ असते, कवचाचे ठोकळे याच काळात जास्त सुटतात. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचा पूर्वार्ध आम्ही जांभ्याच्या कड्यांपासून कड्याच्या उंचीइतकं अंतर ठेवूनच जातो. आत जाण्याचे खरे महिने डिसेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर दुपारचा वारा लवकर उठतो. एप्रिल-मे महिन्यांत दक्षिण महासागरातल्या वादळांची लांब स्वेल, म्हणजे दूरच्या वाऱ्यानं उठवून इथपर्यंत आलेली लाट, येते. ती दिसायला बुटकी आणि ताकदीला जबर असते.

स्वेलबद्दल थोडं जास्त लिहावं लागेल, कारण गुहेत माणूस अडकतो तो बहुतेक तिच्यामुळे. हवामानाच्या अंदाजात फक्त लाटेची उंची बघू नका, कालावधीही बघा. म्हणजे एका लाटेच्या माथ्यापासून दुसऱ्या लाटेच्या माथ्यापर्यंत किती सेकंद जातात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था किनाऱ्याकिनाऱ्याचा अंदाज देते, त्यात दोन्ही आकडे मिळतात. अर्धा मीटर आणि ६ सेकंद असेल तर घळीत पाणी थोडं वरखाली होतं, इतकंच. तोच अर्धा मीटर १४ सेकंदांचा असेल तर तेच पाणी आतपर्यंत ढकलत जातं, मागे खेचताना तळाचे धोंडे उघडे पाडतं आणि मग परत भरतं. आमची मर्यादा अशी आहे: उंची ०.५ मीटरच्या आत आणि कालावधी १० सेकंदांच्या आत असेल तर घळीत जायचं, नाहीतर बाहेरूनच बघायचं. हिवाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. इराणी आखाताकडून वाहणाऱ्या शमाल वाऱ्यांनी उठवलेली स्वेल अरबी समुद्र ओलांडून वायव्येकडून आपल्या किनाऱ्याला येते. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला आहे. इथे वारा नाही, आकाश निरभ्र आहे आणि तरी पाणी उसळतं, ते अशा दिवसांत. काणकोणचा किनारा पश्चिमेला आणि वायव्येला उघडा असल्यानं ती थेट घळींच्या तोंडात शिरते.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक मुरगाव बंदराचं वापरायचं. उधाणाला पाण्याचा चढउतार साधारण २ मीटर असतो, भांगाला १ मीटरच्या आत. अमावास्या-पौर्णिमेचे दिवस टाळून अष्टमीच्या आसपासचा, भांगाचा दिवस निवडा. दिवसातल्या दोन भरत्या इथे सारख्या उंचीच्या नसतात, म्हणून आदल्या दिवशीची वेळ ५० मिनिटं पुढे ढकलून अंदाज बांधायचा आळस करू नका, त्या दिवसाचे आकडे बघा. कपारीत जायचं ते ओहोटीच्या शेवटच्या दोन तासांत. काही बिनसलं तर पाणी उतरत जातं आणि छताखाली जागा वाढते. भरतीत याच्या उलट होतं. अगदी तळाच्या ओहोटीला मात्र घळीच्या तोंडाशी खडपं उघडी पडतात आणि एरवी सपाट असलेल्या पाण्यात अचानक लाट फुटू लागते, म्हणून तळ गाठायच्या अर्धा तास आधी बाहेर पडलेलं बरं.

तिसरं गणित वाऱ्याचं. पहाटेपासून साधारण नऊ-दहापर्यंत जमिनीकडून मतलई वारा असतो आणि किनाऱ्यालगतचं पाणी सपाट राहतं. अकरानंतर खारा वारा वायव्येकडून धरतो, दुपारी तीन-चारला त्याचा जोर असतो. यातून दिशा ठरते: सकाळी उत्तरेकडे जायचं, परतताना वारा पाठीशी घ्यायचा. उलट केलंत, म्हणजे आधी दक्षिणेला गेलात, तर दमलेल्या हातांनी वाऱ्यावर वल्ही मारत यावं लागतं. भांग, सकाळची ओहोटी, कमी कालावधीची स्वेल आणि दहाच्या आत परत, या चारही गोष्टी महिन्यात थोड्याच दिवशी जुळतात. न जुळलेल्या दिवशी आम्ही नदीत जातो.

कयाक कोणती घ्यायची? गुहांसाठी आमचं मत स्पष्ट आहे. उघड्या बैठकीची, सिट-ऑन-टॉप, ४ ते ४.३ मीटर लांबीची, पॉलिथिलीनची. बंद बैठकीची ५ मीटरची समुद्री कयाक वेगानं जाते, पण घळीत वळत नाही आणि उलटली तर आत पाणी भरतं. फायबरची तर नकोच. जांभा आणि त्याला चिकटलेली कालवं तिचा वरचा थर एका घासणीत उडवतात. पॉलिथिलीनवर ओरखडे पडतात, इतकंच. निघण्याआधी तळाचं पाणी काढायचं बूच घट्ट आहे ना, ते हातानं बघा. हे बूच विसरलेली कयाक पहिल्या किलोमीटरभर बरी चालते, मग जड होते आणि का जड झाली ते कळेपर्यंत किनारा दूर राहिलेला असतो.

बाकी सामान असं. प्रत्येकाला वल्हं २२० ते २३० सेंटीमीटर, आणि दोन कयाकमागे एक सुटं वल्हं. हेल्मेट, हनुवटीखाली पट्टा बांधलेलं. हे नसेल तर कपारीच्या जवळपासही जायचं नाही. किमान ५० न्यूटनचं तरंगजाकीट, त्यावर शिट्टी बांधलेली. पाण्यावर तरंगणारा १५ मीटर दोर पिशवीत भरलेला, म्हणजे फेकता येतो. दोर जवळ असला की चाकूही हवाच, कारण गुंतलेला दोर कापावा लागतो. पातळ रबरी हातमोजे आणि जाड तळाचे बूट, चपला नव्हेत. माणशी ३ लीटर पाणी, मीठ-साखरेच्या पुड्या. फोन जलरोधक पिशवीत, आणि जमलं तर व्हीएचएफ वायरलेस, चॅनेल १६ वर. तटरक्षक दलाचा मदतीचा क्रमांक १५५४ आणि सर्वसाधारण ११२ हे दोन्ही फोनमध्ये घालून ठेवा. पण लक्षात असू द्या, कड्याच्या पायथ्याशी फोनला रेंज मिळेलच असं नाही. म्हणून किनाऱ्यावरच्या एका माणसाला आपला मार्ग आणि परतीची वेळ सांगून जायचं, आणि त्या वेळेनंतर तासाभरात आलो नाही तर त्यानं फोन करायचा, असं ठरवून घ्यायचं.

सकाळी साडेसहाला पाळोळेच्या उत्तर टोकाकडून उतरतो. हा किनारा अर्धचंद्राकृती आणि आडोशाचा असल्यानं उतरणं सोपं जातं. उतरण्याआधी रात्रभर पाण्यावर असलेल्या होडीवाल्याला विचारायचं: "पात्रांव, भायर दर्या कसो आसा?" अंदाजाच्या पानावर जे नसतं ते त्याच्या उत्तरात असतं. जाळी कुठे टाकली आहेत, हेही त्याच वेळी कळतं. जाळ्यांच्या तरंगत्या बोयांच्या आतून जायचं नाही, वळसा घालायचा.

उत्तरेला बटरफ्लाय बीचपर्यंत साधारण अडीच-तीन किलोमीटर. सामानासह ताशी ४ ते ५ किलोमीटर वेग धरा. कड्याच्या टोकापाशी परतून येणारी लाट आणि येणारी लाट एकमेकींवर चढतात, पाणी जागच्या जागी उकळल्यासारखं उसळतं. हे टोक ५० मीटर बाहेरून ओलांडायचं, वल्ही थांबवायची नाहीत. पाण्यात असलेलं वल्हं म्हणजे कयाकचा आधार. त्याच्या पुढच्या आतल्या बाजूला घळी सुरू होतात. तयारीची माणसं आगोंदपर्यंत जाऊन तिथेच गाडी बोलावून घेतात. आगोंदचा किनारा उघडा आहे आणि लाट वाळूपाशी येऊन एकदम फुटते, त्यामुळे तिथे उतरताना लाटेच्या पाठीवरून, तिच्या पुढे न जाता, आत यायचं. आगोंद आणि गालजीबाग ही ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी घालण्याची ठिकाणं आहेत. कुंपण घातलेल्या घरट्यांपासून लांब राहा आणि कोरड्या वाळूवरून कयाक ओढू नका, दोघांनी उचलून न्या. आगोंदहून काबो द रामचं टोक सरळ रेषेत सुमारे ९ किलोमीटर आहे. तो पल्ला वेगळ्या दिवसाचा, आणि खुल्या समुद्रात वल्ही मारायची सवय असलेल्यांचाच. दक्षिणेकडे पोळेपलीकडे अंजदीव बेटाच्या दिशेला जाऊच नये. तो भाग नौदलाच्या ताब्यात आहे.

घळीपाशी पोचलो की लगेच आत जायचं नाही. तोंडापासून १५-२० मीटरवर थांबून १५ मिनिटं नुसतं बघायचं. मोठ्या लाटा रांगेनं येतात. दोन रांगांमध्ये किती वेळ जातो आणि सर्वांत मोठ्या लाटेला पाणी छताच्या किती जवळ जातं, ते मोजायचं. सर्वांत उंच चढलेल्या पाण्यावर वल्हं उभं धरता येईल इतकी मोकळी जागा हवी. आतून दबका, तोफेसारखा आवाज येत असेल तर मागच्या टोकाला हवा कोंडली जाते आहे, म्हणजे लाट छताला भिडते आहे. तिथे काम संपलं. जांभ्याची कपार असेल तर तोंडाशी ताजे, तांबड्या-पिवळ्या रंगाचे ठोकळे पडलेत का ते बघा. जुने ठोकळे काळवंडलेले असतात आणि त्यांवर कालवं बसलेली असतात. ताजा ठोकळा दिसला की छताखाली जायचं नाही. वर झाडाची मुळं लोंबत असतील तरी नाही, कारण मुळांनी कवचाच्या फटी रुंद केलेल्या असतात.

आत जाताना कयाकचा मागचा भाग आधी, तोंड समुद्राकडे. म्हणजे येणारी लाट दिसते आणि बाहेर पडायला वळावं लागत नाही. एका वेळी एकच कयाक. दुसरी तोंडाबाहेर, दोर हाताशी ठेवून, आणि तिच्यातल्या माणसाचं लक्ष फक्त समुद्राकडे. लांब शिट्टी एकदा म्हणजे मोठी लाट येते आहे, बाहेर ये. तीनदा म्हणजे अपघात. लाट अंगावर आली की पुढे झुकायचं आणि वल्हं कयाकला समांतर धरायचं. आडवं धरलेलं वल्हं भिंतीत अडकून खांद्याला हिसका देतं, आणि निखळलेला खांदा घेऊन समुद्रातून परतणं फार अवघड आहे. हातानं भिंतीला रेटा देऊ नका. जांभ्याच्या कडा आणि कालवांच्या धारा हातमोजे कापून आत जातात. वटवाघळं असतील तर टॉर्च त्यांच्यावर मारायची नाही, आणि दोनेक मिनिटांत बाहेर यायचं.

आत कयाक उलटली तर तिथेच परत चढायचा प्रयत्न करू नये. कयाक आणि खडक यांच्या मध्ये कधीही यायचं नाही. कयाक मागच्या भिंतीकडे आणि आपण समुद्राच्या बाजूला. जाकीट तरंगवतंच, तेव्हा वल्हं सोडून दोर धरायचा. बाहेरचा माणूस दोर फेकतो आणि पाणी मागे सरताना ओढतो, येत्या लाटेच्या विरुद्ध ओढून उपयोग नसतो. मदतीला दुसरी कयाक आत घालायची इच्छा अनावर होते, ती आवरा. एका अरुंद घळीत दोन कयाक म्हणजे दोन जखमी. माणूस आधी बाहेर, कयाक नंतर, आणि तीही जमली तरच. खरचटलेलं ताबडतोब पिण्याच्या पाण्यानं धुवून पोव्हिडोन आयोडीन लावा. समुद्राच्या पाण्यातल्या जंतूंनी कालवांच्या जखमा चिघळतात. धनुर्वाताची सुई मोसमाआधीच घेऊन ठेवा.

दहाच्या सुमारास परत. कयाक गोड्या पाण्यानं धुवायची, बूच काढून उताणी ठेवायची आणि दुसऱ्या दिवसासाठी गाडीच्या टपावर बांधायची.

दुसऱ्या दिवशी पहाटे केपे, तिथून रिवण. वाटेत रिवणच्या जांभ्यातल्या गुहा बघून घ्याव्यात. लोक त्यांना पांडवांच्या गुहा म्हणतात. त्या बौद्ध भिक्षूंच्या वस्तीच्या मानल्या जातात. आदल्या दिवशी समुद्राच्या कपारी पाहिल्या असतील तर इथे फरक लगेच दिसतो: भिंतींवर छिन्नीचे माग आहेत, छत मुद्दाम कडक थरात ठेवलं आहे आणि बाहेरच झऱ्याचं पाणी साठवलं आहे. जो झरा समुद्रावर कडा पाडतो, त्याच्याच आधारानं इथे माणसं राहिली.

उसगाळीमळची कातळशिल्पं, ज्यांना पणसायमळची शिल्पंही म्हणतात, कुशावतीच्या काठावरच्या सपाट जांभ्यावर आहेत. १९९३ साली गावकऱ्यांनी ती दाखवली आणि गोव्याच्या पुराभिलेख व पुरातत्त्व खात्यानं त्यांची नोंद घेतली. शंभराहून अधिक आकृती आहेत. वशिंडाचे बैल, हरणं, मोर, माणसाच्या आकृती, मातृदेवता म्हणून ओळखली जाणारी आकृती, कपासारखे खळगे, आणि एकात एक गुंतलेल्या वर्तुळांचं ते प्रसिद्ध चक्रव्यूहासारखं चिन्ह. २०२२ साली कोकणातल्या कातळशिल्पांचा जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला, त्यात रत्नागिरीची कशेळी, बारसू, उक्षी आणि सिंधुदुर्गातलं कुडोपी यांच्याबरोबर गोव्यातली ही एक जागा आहे. वयाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. कुणी ती मध्याश्मयुगातली मानतात, कुणी त्याहून जुनी, कुणी बरीच अलीकडची. रंगानं काढलेल्या चित्रात कोळसा किंवा डिंक सापडला तर त्याचं वय मोजता येतं, कोरलेल्या रेषेत असं मोजण्याजोगं काही उरत नाही.

नदीतून कयाकनं थेट तिथे जावं असं वाटणं साहजिक आहे. आम्ही ते करत नाही, आणि तुम्हीही करू नका. हिवाळा-उन्हाळ्यात वरच्या बाजूला नदी उथळ असते, पात्रातल्या दगडांवर तळ घासत जातो, ही किरकोळ अडचण. खरी अडचण उतरण्याची. काठ म्हणजेच शिल्पांचा कातळ. पॉलिथिलीनची कयाक जांभ्यावर टेकली की रंगीत प्लास्टिकची रेघ सोडते, आणि ओढली तर दगडाचे कण उचकटते. हजारो वर्षांच्या उथळ रेषेवर ती एक रेघ पुरते. म्हणून गाडी फलकापाशी ठेवायची आणि चालत जायचं.

वेळ इथेही महत्त्वाची, फक्त भरतीऐवजी सूर्याची. रेषा उथळ आहेत. दुपारी बारा वाजता येणारे लोक बैल कुठे, मोर कुठे असं विचारत पायाखालूनच जातात आणि निराश होऊन परततात. सूर्य तिरपा असताना, म्हणजे उगवल्यानंतरचा दीड तास किंवा मावळण्याआधीचा दीड तास, रेषेची एक कड उजळते, दुसरीत सावली भरते आणि आकृती उठून दिसतात. आपण सूर्याकडे तोंड करून, कातळाच्या कडेला बसून बघायचं. ढगाळ दिवशी टॉर्च कातळापासून वीतभर उंचीवर, जवळजवळ आडवी धरायची आणि हळूहळू आकृतीभोवती फिरवायची. एका बाजूनं न दिसणारं शिंग दुसऱ्या बाजूच्या प्रकाशात दिसतं.

पावसाळ्यात नदी या कातळावरून वाहते आणि ओसरताना रेषांत बारीक गाळ भरून जाते. ऑक्टोबरात बऱ्याच आकृती या गाळाखाली असतात. तो गाळ आपण खरवडायचा नाही. समुद्रावर पाणी खडक खाऊन टाकतं, इथे मात्र नदीच्या गाळानंच या रेषांवर पांघरूण घातलं होतं. डिसेंबर ते मार्च हा काळ चांगला. पाणी ओतून रेषा उठवणं, खडूनं गिरवणं, तारेच्या ब्रशनं शेवाळ काढणं, हे तिन्ही प्रकार वाईट. खडूचे कण भोकांत अडकून राहतात आणि पुढच्या कुठल्याही रासायनिक तपासणीला अडथळा होतात. गिरवणारा माणूस त्याला दिसली तीच रेषा पक्की करतो, मग नंतरच्या प्रत्येक फोटोत मूळ रेषेऐवजी त्याचा समज येतो. हे पाहिलं की फार वाईट वाटतं. बूट काढून, अनवाणी किंवा मोज्यांनी, दोन आकृतींमधल्या मोकळ्या जागेतूनच चालायचं.

नोंद करायची असेल तर साधा फोन पुरतो. आकृतीशेजारी, आकृतीवर नव्हे, १० सेंटीमीटरची मोजपट्टी आणि उत्तर दाखवणारा कागदी बाण ठेवा. एक उभा फोटो, मग चारही बाजूंनी तिरप्या प्रकाशात एकेक. त्रिमितीय प्रतिमा बनवायची असेल तर नियम उलटा होतो: सावली नको, म्हणून मोठी छत्री धरून सगळीकडे सारखी छाया करा. दर फोटोत आधीच्या फोटोचा ७० ते ८० टक्के भाग यायला हवा. एका बैलाला ६० ते ८० फोटो लागतात, दोन फेऱ्यांत, एक उभी आणि एक ४५ अंशांतून. फोनचं फोकस आणि उजेड कुलूपबंद करा, नाहीतर प्रत्येक फोटोचा रंग वेगळा येतो आणि जोडणी फसते. नवा ओरखडा, तुटलेली कड किंवा कुणी कोरलेलं नाव दिसलं तर त्याचा तारखेसह फोटो पुरातत्त्व खात्याकडे पाठवा. जुन्या फोटोंशी ताडून पाहायला तो उपयोगी पडतो.

वेळ उरला तर केपे तालुक्यातच कजूरचा दुधाफातर आहे. तो जांभा नाही, ग्रॅनाइटचा धोंडा आहे आणि त्यावर जनावरं कोरलेली आहेत. कठीण खडकावरचे घाव किती वेगळे पडतात, ते उसगाळीमळनंतर बघितलं की समजतं. गावकऱ्यांची त्यावर श्रद्धा आहे. विचारून जायचं, वर चढायचं नाही. सत्तरीतल्या म्हाउस गावची शिल्पं मात्र झरमे नदीच्या पात्रात आहेत. ती बघायला पाणी आटण्याची वाट पाहावी लागते, म्हणून तिथली फेरी आम्ही फेब्रुवारीनंतर वेगळी करतो, कयाक घरी ठेवून.